ब्रेक ओरडतो, तो काय सांगतो?



या खेपेचं सदर बॉनहून लिहीत आहोत. बॉन म्हणजे ऱ्हाईन नदीच्या काठचं, एके काळी पश्चिम जर्मनीची राजधानी असलेलं शहर. आम्ही इथे लेकीकडे राहायला आलो आहोत. येताना ठरवलं होतं की एखादं छानसं प्रवासवर्णन लिहून पाठवू. पण आल्या आल्या जावईबापूंच्या मोटारीने आम्हाला कामाला लावलं आणि त्या कामात आमच्या नऊ वर्षांच्या नातीने आम्हाला एक धडा दिला. तो धडा थोरांनी आणि पोरांनी एकत्र बसून वाचावा असा आहे. म्हणून या वेळी ब्रेकची गोष्ट.

पोरांनो, जिथे समजणार नाही तिथे आजोबांना विचारा. आजोबांनो, जिथे ऐकू येणार नाही तिथे पोरांना विचारा. दुसरं वाक्य आम्ही थट्टेने लिहिलेलं नाही, हे पुढे कळेलच.

फाटकापाशी

बॉनचे लोक आपल्या गावाबद्दल म्हणतात की इथे एकतर पाऊस पडत असतो, नाहीतर रेल्वेचं फाटक बंद असतं. दोन्ही खरं आहे. रेल्वेची लाईन भर गावातून जाते. गाडी यायची झाली की फाटक पडतं आणि मोटारी, सायकली, बाळगाड्या, सगळी दुनिया थांबून राहते.

जावईबापूंची गाडी जर्मन बनावटीची, खास वेगासाठी बांधलेली. सेकंडहँड घेतली आहे, पण थाट केवढा! इतकी खाली की तिच्यात बसताना आणि उठताना आमचे गुडघे देवाचं नाव घेतात. एके दिवशी त्या फाटकाकडे जाणाऱ्या रांगेत आम्ही इंच इंच पुढे सरकत होतो. दोन्ही बाजूला घरांच्या भिंती, खिडक्या उघड्या. मागच्या सीटवर नातीने दोन्ही कान दाबून धरले.

"आजोबा, गाडी शिट्टी मारतेय."

आम्ही कान दिला. काही नाही. जावयांना विचारलं. ते म्हणाले, "पप्पा, कधीकधी थोडं येतं. पण अशा गाड्या ओरडतातच. जिथे दाखवली तिथेही हेच सांगितलं. त्यांनी कसलासा फवारा मारून दिला, आठवडाभर बंद होतं, परत सुरू झालं."

आता आम्ही पडलो जुने फिटर. निम्मं आयुष्य परळच्या रेल्वे कारखान्यात गेलं, बाकीचं इस्राएलमध्ये लोदला विमानांच्या कामावर. ब्रेकच्या आवाजाबद्दल आम्हाला कोण शिकवणार? आम्ही नातीला म्हणालो, "होय बाळ, वेगवान गाडीचे ब्रेक ओरडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

ती गप्प बसली. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना म्हणाली, "आजोबा, मी नीट ऐकलं. बाबा ब्रेक दाबतात तेव्हा शिट्टी थांबते. पाय काढला की परत सुरू होते."

हे ऐकलं मात्र, आणि हातातला चहाचा कप आम्ही खाली ठेवला. का, ते समजायला आधी ब्रेक ओरडतो म्हणजे काय होतं ते पाहिलं पाहिजे.

घाणा, पाटी आणि किद्दुशचा ग्लास

आपले पूर्वज कोकणात तेल गाळीत. शनिवारी आपला घाणा बंद, म्हणून गाववाले आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. ज्यांनी अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या बाजूला लाकडी घाणा फिरताना पाहिला असेल, त्यांच्या कानात ती कुरकुर अजून असेल. लाकडावर लाकूड दाबून फिरतं. ते सरळ सरकत नाही. क्षणभर चिकटतं, ताण वाढला की सुटतं, पुन्हा चिकटतं, पुन्हा सुटतं. असं सावकाश झालं की कुरकुर, भराभर झालं की किंचाळी. पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढली की अंगावर काटा येतो, त्यातही हेच.

पोरांनो, घरी करून पाहा. पातळ काचेचा, दांडीचा ग्लास घ्या. त्यात थोडं पाणी घाला, बोट ओलं करा आणि ग्लासच्या काठावरून हलक्या हाताने गोल गोल फिरवा. ग्लास गाऊ लागेल. बोट काठाला चिकटतं आणि सुटतं आणि त्या धक्क्यांनी सगळा ग्लास थरथरतो. (किद्दुशचा चांगला ग्लास घेण्याआधी आजीला विचारा.)

मोटारीत ग्लासच्या जागी असते डिस्क. चाकाच्या मागे, चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची जाड थाळीच समजा. त्या थाळीला दोन बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर चिकटवलेला घासणारा मसाला. ती चिमट जिच्यात बसवलेली असते ती कॅलिपर. तुम्ही पाय दाबलात की ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधले पिस्टन पॅडला पुढे ढकलतात आणि थाळी दोन्हीकडून आवळली जाते. पॅड चिकटत सुटत घासला तर थाळी घंटेसारखी वाजते. सेकंदाला हजारापासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत थरथर. हीच ती शिट्टी.

वेगवान गाडी जास्त का ओरडते? तिला काम जास्त असतं म्हणून. आम्ही नातीला चहाच्या हिशेबात सांगितलं. दीड टनाची गाडी ताशी 50 किलोमीटरच्या वेगावरून थांबवली, तर ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात अडीच कप चहाचं पाणी उकळेल. तीच गाडी 200 वरून थांबवली तर चाळीस कप! वेग चौपट, उष्णता सोळापट. एवढी उष्णता सोसायला या गाड्यांना मोठ्या डिस्क आणि धातूचा चुरा घातलेले कडक पॅड देतात. हे पॅड तापले की उत्तम धरतात, पण थंड असताना कुरकुर करतात. गावातल्या चाळीसच्या चालीने ते कधी तापतच नाहीत. तालमीतला पहिलवान गल्ल्यावर बसवून ठेवला तर त्याचं अंग आखडणारच. कार्बन-सिरॅमिकच्या महागड्या डिस्क तर थंडीत आणि ओलीत हमखास गातात.

तेव्हा जावयांना जे सांगितलं गेलं ते खोटं नव्हतं. वेगवान गाडीचा ब्रेक दाबल्यावर ओरडला, तर बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. पण नातीने काय सांगितलं होतं? दाबल्यावर आवाज थांबतो. मग ती गोष्टच वेगळी झाली.

आवाजाची नाडी

वैद्य जशी नाडी बघतो तशी ब्रेकच्या आवाजाची नाडी बघायची. कुठलंही चाक काढण्याआधी घरबसल्या एवढं तपासता येतं:

सकाळी पहिल्यांदा, किंवा पावसानंतर, दोन-चार वेळा खरखर होऊन थांबते. हा रात्रीतून डिस्कवर चढलेला पातळ गंज. बॉनसारख्या ओल्या गावात रोजचंच. पॅड तो पुसून काढतात. विसरून जा.

हलका ब्रेक दाबताना, थांबता थांबता बारीक किंचाळी. हीच ती चिकट-सूट. पॅड कडक आहे, किंवा त्याचं तोंड चकाकून काचेसारखं झालं आहे, किंवा त्याच्या पाठीमागची थरथर शोषणारी पट्टी निघाली आहे. घाई नाही, पण पुढच्या सर्व्हिसला दाखवावं.

ब्रेक न दाबता सारखा पत्र्यावर खडा घासल्यासारखा आवाज. बऱ्याचदा खरोखरच खडा असतो. डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात अडकतो.

ब्रेक न दाबता शिट्टी, दाबल्यावर बंद. याची दोन कारणं. काही गाड्यांच्या पॅडला धातूची लहान जीभ असते. मसाला झिजत आला की ती डिस्कला टेकते आणि शिट्टी मारून सांगते, 'मला बदला'. दुसरं कारण, पॅड मागे सरकतच नाही, अडकून पडला आहे आणि सारखा घासतो आहे. पाय दाबला की तो घट्ट आवळला जातो, म्हणून थरथर थांबते. दोन्हींत चाक उघडून बघायलाच हवं, लगेच.

आणि शेवटचं, दाबल्यावर घरघर, दळण दळल्यासारखी. मसाला संपून पोलाद लोखंडावर घासतं आहे. गाडी तिथेच उभी करा. तशीच घरी न्यायची नाही.

त्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? आणि नेहमीसारखं पाच-दहा मिनिटं चालवून आणल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम आहे का? चाकाला हात लावायचा नाही, भाजेल. नुसता जवळ न्यायचा. आमच्या लेकीकडे स्वयंपाकघरात लांबून तापमान दाखवणारा थर्मामीटर आहे, आम्ही तो वापरला. मागच्या डाव्या चाकाच्या मधल्या भागाचा आकडा उजव्यापेक्षा खूपच वर. नात कुठे बसते? मागे, डावीकडे.

शुक्रवारचं काम

आता दुरुस्तीला दिवस कुठला? शनिवारी आपला शब्बाथ. रविवारी जर्मनीत सगळीकडे शांतता पाळायची असते, ड्रिल मशीनचा आवाज झाला तर शेजारी दार वाजवतो. म्हणून शुक्रवार दुपार ठरली. उन्हाळ्यात इथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे दिवे लावायच्या आत वेळ भरपूर होता.

जर्मनीत एक चांगली सोय आहे. तासाच्या भाड्याने मोटार उचलायची लिफ्ट आणि हत्यारं मिळतात, आणि अडलं तर विचारायला तिथे मिस्त्री असतो. आमची पाळी यायला अर्धा तास होता, तेव्हा नातीला बेर्ता बेन्झची गोष्ट सांगितली. तिच्या नवऱ्याने, कार्ल बेन्झने, 1886 साली मोटारगाडीचं पेटंट घेतलं, पण गाडी विकत घ्यायला कोणी धजेना. मग ऑगस्ट 1888 मध्ये बेर्ताबाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या आईकडे निघाल्या. शंभरेक किलोमीटर! वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. बाईंनी एका चांभाराला गाठून ब्रेकवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला मसाल्याचं अस्तर लावायची कल्पना तिथून आली असं सांगतात.

पुढे 1902 साली इंग्लंडात लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात तांब्याचं अस्तर होतं आणि ते भयंकर किंचाळे. म्हणजे डिस्क ब्रेक जन्मल्यापासून ओरडतोच आहे! मग हर्बर्ट फ्रूड यांच्या ॲस्बेस्टॉसच्या अस्तराने आवाज बसला, पण त्याच्या धुळीने पुढे कित्येकांची फुप्फुसं गेली. जर्मनीत 1993 पासून आणि सगळ्या युरोपीय संघात 2005 पासून त्याला बंदी आहे. आम्ही मुंबईत असताना ब्रेकची धूळ तोंडाने फुंकून काढायचो. आता आठवलं की शहारा येतो. तेव्हा ऐका: ब्रेकची धूळ कधीही फुंकू नका, हवेच्या पाईपने उडवू नका. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

"तेव्हा फाटकापाशी मालगाडी एवढी जोरात का वाजत नव्हती?" नातीने मध्येच विचारलं. प्रश्न बरोबर होता. आमच्या काळच्या वाघिणींना ओतीव लोखंडाचे ब्रेक ब्लॉक असत. ते चाकाची धाव खरबरीत करून टाकतात आणि खरबरीत चाक रुळावर खडखडाट करतं. ऱ्हाईनच्या दोन्ही काठांनी रात्रंदिवस मालगाड्या धावतात, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. मग ब्लॉक मिश्र मसाल्याचे करण्यात आले आणि डिसेंबर 2020 पासून जुन्या गोंगाटी वाघिणींना जर्मनीत मनाई झाली. या नव्या ब्लॉकना इथे 'कुजबुजणारा ब्रेक' म्हणतात.

चाकामागे काय निघालं

गाडी लिफ्टवर चढवण्याआधी चाकाचे बोल्ट सैल करून घेतले. वर उचलल्यावर हाताने चाकं फिरवली. उजवं मागचं चाक मोकळं फिरलं. डावं जड, आणि फिरताना सुस्स आवाज. चाक काढलं. बाहेरून दिसणारा पॅड चांगला जाड, सात मिलिमीटर मसाला. इथेच पुष्कळ जण फसतात. बाहेरचा चांगला दिसला की चाक परत लावतात. आतल्या बाजूचा पॅड बॅटरी लावून, वाकून बघावा लागतो.

आम्ही पिन काढून आतला पॅड ओढला. येईना. हातोडीने हलके हलके ठोकून काढावा लागला. व्हर्निअर लावला: दोन मिलिमीटर! साधारणपणे तीनवर आला की बदलायचा असतो. आणि डॅशबोर्डवर इशारा का आला नाही? कारण या गाडीत मागच्या बाजूला इशाऱ्याची तार एकाच चाकाला आहे, उजव्या. तिथला पॅड ठणठणीत होता. गाडीच्या दृष्टीने सगळं आलबेल.

कारण शोधलं. वेगवान गाड्यांचे कॅलिपर वजन कमी राहावं म्हणून ॲल्युमिनियमचे असतात. पॅड ज्या खाचेत सरकतो तिथे पोलादाच्या पातळ पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. जर्मनीत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी पट्टीखाली शिरतं, ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि पट्टी उचलते. खाच अरुंद होते, पॅड अडकतो. ओल धरलेल्या चौकटीत आपला खिडकीचा दरवाजा बसतो ना, तसा. मग तो एकटाच रात्रंदिवस घासत राहतो, झिजतो, तापतो. फवाऱ्याने आठवडाभर आवाज बंद झाला, घासणं थोडंच बंद झालं!

दुरुस्ती अशी केली. पट्ट्यांचे स्क्रू काढले, पट्ट्या काढल्या, खालची पांढरी भुकटी खरवडून स्वच्छ धातू लागेपर्यंत साफ केली, पट्ट्या नव्या स्क्रूंनी बसवल्या. पिस्टन सावकाश मागे ढकलून पाहिले, अडकत नव्हते, त्यांच्यावरचं रबरही फाटलेलं नव्हतं. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑईलच्या टाकीवर लक्ष ठेवावं लागतं. ऑईल वर चढून सांडलं तर रंग खातं. डिस्क मोजली. तिची कमीत कमी जाडी तिच्यावरच कोरलेली असते. आमची त्याहून जाड होती, चीर किंवा निळे डाग नव्हते, म्हणून ठेवली. पॅड मात्र मागच्या दोन्ही चाकांचे, चारही नवे घातले. एकाच चाकाचे बदलले तर गाडी ओढते.

नव्या पॅडच्या पाठीला आणि जिथे तो खाचेत सरकतो त्या कडांना उष्णता सोसणारी सिरॅमिक पेस्ट, नखभर, पुसल्यासारखी लावली. मसाल्याला किंवा डिस्कला तिचा थेंबही लागता कामा नये. साधं ग्रीस, तेल, डिझेल तर जवळही आणायचं नाही. आपण तेली खरे, पण ब्रेकला तेल म्हणजे मरणाला आमंत्रण! कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालायची आपल्याला सवय, म्हणून मुद्दाम सांगतो.

चाक बसवून बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने, टॉर्क पान्ह्याने आवळले. (पन्नास किलोमीटरनंतर परत तपासले.) जावई गाडी सुरू करणार, तोच मिस्त्री ओरडला, "आधी ब्रेक!" जावयांनी पाय दाबला. पेडल सरळ तळाला गेलं. नातीचा चेहरा पांढरा झाला. दुसऱ्यांदा दाबलं, थोडं वर आलं. चार-पाच वेळा दाबल्यावर दगडासारखं कडक झालं. पिस्टन मागे ढकललेले असतात, ते पॅडपर्यंत पोचेपर्यंत ब्रेक नसतोच. लिफ्टवरून उतरवलेली गाडी पेडल न दाबता चालू केली तर पहिल्याच वळणावर भिंत. हे आम्हाला ठाऊक नव्हतं का? होतं. गडबडीत विसरलो. म्हणून जाणकार माणूस जवळ असावा.

नवे पॅड 'बसवावे' लागतात. पॅडच्या डब्यावर लिहिलं होतं त्याप्रमाणे जावयांनी गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर गाडी ऐंशीवरून तीसवर, मध्यम दाबाने, दहा वेळा आणली. दर वेळी मध्ये थोडी चालवून थंड होऊ दिली. गरम ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही. अशाने मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि पुढची कुरकुर टळते. पहिले काही दिवस जोराचा ब्रेक मारायचा नाही, अर्थात जीवावर बेतलं तर सोडून. परतताना वेनुसबर्गच्या टेकडीवरून पॉपेल्सडॉर्फकडे खाली उतरलो. मागून नात म्हणाली, "शिट्टी नाही."

काय टळलं

त्या रात्री जेवताना जावयांनी एक गोष्ट सांगितली. बॉनपासून तासाभराच्या अंतरावर, आयफेलच्या डोंगरात न्युर्बुर्गरिंग नावाची शर्यतीची वाट आहे. 1927 साली सुरू झालेली. तिची उत्तरेकडची फेरी जवळजवळ एकवीस किलोमीटरची, सत्तरच्या वर वळणं, आणि चढ-उतार असे की घाटच. ठराविक दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी तिथे चालवू शकतो. जावयांनी पुढच्याच आठवड्यात जायचं ठरवलं होतं, लेकीला न सांगता.

अडकलेला पॅड तिथे काय करतो ते आम्ही त्यांना कागदावर काढून दाखवलं. दोन मिलिमीटरचा मसाला, तापलेला कॅलिपर, त्यात उतारावर वारंवार ब्रेक. ब्रेक ऑईल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल लोण्यासारखं मऊ पडतं. लेक ऐकत होती. काही बोलली नाही. उठून आत गेली आणि पुढच्या रविवारी मलिदा करायचं ठरवून आली. पोहे, गूळ, खोबरं, वेलची आणि फळं. घरच्यापुरताच.

आणि आमचं काय? लेक दोन वर्षांपासून मागे लागली होती की कान तपासून घ्या. आम्ही म्हणत होतो, आम्हाला सगळं ऐकू येतं, लोकच तोंडात बोलतात. या वेळी गेलो. तिथल्या बाईंनी आलेख काढून दाखवला. लहान मुलांना सेकंदाला वीस हजार थरथरींपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढतं तसा वरचा भाग गळत जातो. आमचा तर आठ हजारांच्या वर संपलेलाच. म्हणजे ती शिट्टी आमच्यापुरती नव्हतीच. फाटकापाशी आम्ही नातीला 'घाबरण्यासारखं काही नाही' असं सांगितलं, ते न ऐकलेल्या आवाजाबद्दल सांगितलं. अनुभव कानात नसतो हे कळायला एवढं वय व्हावं लागलं.

कानातलं मशीन घ्यायचं ठरलं आहे.

आता तुम्हाला दोन शब्द. पोरांनो, गाडीत काही नवीन आवाज आला तर सांगा. नुसतं 'आवाज येतो' म्हणू नका. कधी येतो, कुठल्या बाजूने येतो, ब्रेक दाबल्यावर वाढतो की थांबतो, हे ऐकून सांगा. आमच्या नातीने एवढंच केलं आणि तेवढ्याने निदान झालं.

थोरांनो, मूल म्हणालं की आवाज येतोय, तर खिडकी उघडून, रेडिओ बंद करून, त्यालाच नीट ऐकायला सांगा. गाडी दुरुस्तीला नेताना 'ब्रेक ओरडतो' एवढं सांगून भागत नाही. केव्हा ओरडतो ते सांगा, आणि आतल्या पॅडची जाडी मोजून दाखवा असं चक्क मागा. ब्रेक उघडायचं काम ज्याला येतं त्यानेच करावं. ऐकायचं काम मात्र सगळ्यांचं आहे.

पुढच्या अंकापर्यंत शालोम.